हुशार, शांत आणि हिमोग्लोबिन नऊ

कोकण बोर्ड पहिलं आलं, ही आता बातमी राहिलेली नाही. दहावी असो की बारावी, निकाल लागतो, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एवढ्या दोनच जिल्ह्यांचा आमचा विभाग राज्यात अव्वल येतो, पेढा भरवतानाचे तेच ते फोटो पेपरात छापून येतात आणि एसटी स्टँडवरच्या टपरीवर 'आमची पोरं हुशारच' यावर शिक्कामोर्तब होतं. मलाही अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू? पण त्या फोटोंतली काही पोरं पुढे 'नीट' ही मेडिकलची प्रवेश परीक्षा देऊन, पांढरा ॲप्रन घालून माझ्यासमोर प्रॅक्टिकलला उभी राहतात, आणि मग निकालात न छापलेलं बरंच काही दिसायला लागतं.

मी इथे किनारपट्टीवरच्या एका कॉलेजात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला शरीरक्रियाशास्त्र शिकवते. शिवाय मुलींच्या हॉस्टेलची रेक्टरकीही माझ्याच गळ्यात आहे. त्यामुळे एकच मुलगी मला दिवसातून दोनदा भेटते, सकाळी व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, आणि रात्री गेट बंद करताना. ॲडमिशनच्या दिवशी सामान टाकून निघालेले आईवडील जाताजाता हमखास एक वाक्य बोलतात, 'मॅडम, पोरगी शांत आहे हो आमची, तुम्हाला तिचा काही त्रास व्हायचा नाही.' आणि तसा तो होतही नाही. शांत मुलगी जर्नल वेळेवर पूर्ण करते, हजेरीत कमी पडत नाही, मेसच्या आमटीबद्दल चकार शब्द काढत नाही. तोंड मिटून सोसणाऱ्या माणसाला गुणी म्हणायची आपल्याकडे जुनी रीत आहे. नवरा मुंबईला गिरणीत आणि शेत, गुरं, सासू-सासरे हिच्या अंगावर, अशी घरं त्या गुणावरच तगली. त्या बायकांना दुसरा इलाजही नव्हता. त्यांच्या नातींना तो आहे, पण सवय जात नाही.

आमच्याच एका विद्यार्थ्याने मध्यंतरी आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) विद्यार्थी-संशोधन योजनेसाठी 'स्वभाव आणि परीक्षेतलं यश' असा विषय घेतला आणि गूगल फॉर्म घेऊन तो वर्गावर्गात फिरायला लागला. एकूण ४४ विधानं, प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. 'मी हातात घेतलेलं काम चोख करते', 'मी पटकन अस्वस्थ होते', 'मी सहसा गप्प असते', अशी. मानसशास्त्रात 'बिग फाइव्ह' म्हणून जी मांडणी आहे, तिच्यावर हे बेतलेलं. नव्याची ओढ, कामातला चोखपणा, माणसांत रमणं, जुळवून घेणं आणि काळजीखोरपणा. या पाच मापांवर प्रत्येक माणूस कुठे ना कुठे बसतोच, कुणी वर, कुणी खाली. पत्रिकेतल्या राशीसारखं एकदा ठरलं की ठरलं, असं मात्र यात नसतं. विशी-तिशीत बहुतेकांचा चोखपणा आपोआप थोडा वाढतो, हे अनेक देशांत पाहिलं गेलं आहे. पहिल्या वर्षी मोजे हरवणारी पोरं इंटर्नशिपला येईपर्यंत ड्यूटीचा तक्ता बनवायला लागतात, हे तर मी स्वतःच बघते.

यातल्या कुठल्या पदराचं परीक्षेशी नातं आहे, यावर पुष्कळ काम झालेलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या आर्थर पोरोपाट यांनी २००९ साली जुने अभ्यास एकत्र केले. विद्यार्थ्यांची संख्या सत्तर हजारांच्या वर गेली. त्यातून चोखपणाचं आणि गुणांचं नातं ठळकपणे पुढे आलं, आणि बुद्धी बाजूला काढली तरी ते टिकलं. हे ऐकून कुठल्याही मास्तरला बरं वाटेल. 'नियमित अभ्यास करा' हे आमचं पालुपद शास्त्राला धरून निघालं.

त्याच कामातली दुसरी गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. काळजीखोरपणाचं गुणांशी नातं निघालं जवळजवळ शून्य. आणि माणूस मनाने बरा आहे की नाही, याच्याशी सगळ्यांत घट्ट नातं पाचांतल्या कुठल्या पदराचं असतं, तर याच काळजीखोरपणाचं. हे दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून बघा. मार्क आणणारा स्वभाव एक, जीव खाणारा स्वभाव दुसरा, आणि दोघांना एकाच मुलीत बिऱ्हाड करायला काहीच आडकाठी नाही. ती वर्गात पहिली येईल आणि आतून पोखरलेली असेल. मार्कशीट बघून ते कळायला काही मार्ग नाही.

आमच्याकडे रक्तातल्या तांबड्या पेशी मोजायचं प्रॅक्टिकल असतं. आपलंच बोट टोचायचं, पिपेटमध्ये ०.५ च्या खुणेपर्यंत रक्त ओढायचं, त्यावर १०१ पर्यंत रक्त पातळ करणारं हेयम्स फ्लुइड घ्यायचं, हलवायचं, आणि एक थेंब नॉयबाउअर चेंबर या चौकटी आखलेल्या काचेवर सोडून मायक्रोस्कोपखाली ८० बारीक चौकटींतल्या पेशी मोजायच्या. रेघेवर बसलेल्या पेशींचाही नियम आहे. वरच्या आणि डाव्या रेघेवरच्या धरायच्या, खालच्या आणि उजव्या सोडायच्या. बेरजेला दहा हजारांनी गुणलं की एका घन मिलिमीटर रक्तातला आकडा मिळतो. काम कंटाळवाणं. उत्तर पंचेचाळीस-पन्नास लाखांच्या घरात यायला हवं हे पुस्तकात दिलेलंच असतं, त्यामुळे निम्मी पोरं दोन-चार चौकटी मोजतात आणि बाकीचा हिशेब उत्तराकडून मागे करतात. ते लगेच ओळखू येतं, कारण आकडे फार देखणे येतात.

एका बॅचमधली एक मुलगी मात्र खरंच मोजत होती. बेरीज येत होती तीनशे साठच्या आसपास, म्हणजे छत्तीस लाख. तिने चेंबर पुसलं, नवा थेंब घातला, पुन्हा मोजलं. परत तेच. आजूबाजूची पोरं जर्नलवर सही घेऊन कँटीनला पसार झाली आणि ही मायक्रोस्कोपवरून मान वर काढेना. जवळ गेले तर डोळ्यांतून घळाघळा पाणी. 'मॅडम, माझं चुकतंय. सारखं तेच चुकतंय.' मी तिची खालची पापणी ओढून बघितली. पांढरीफटक. तिथल्या तिथे साहलीच्या नळीत हिमोग्लोबिन बघितलं. नऊ. मोजणं अगदी बरोबर होतं, रक्तच कमी होतं.

यात मला नवल वाटलं ते ॲनिमियाचं नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका ॲनिमियाच्या निघाल्या, तेव्हा ती काही जगावेगळी नव्हती. नवल याचं, की एवढ्या चोख मुलीला, तेच उत्तर पुन्हा पुन्हा आलेलं असताना, ते खरं असू शकेल असं एकदाही वाटलं नाही. काही बिघडलं असेल तर ते आपल्या हातूनच, हे तिने आधीच धरून ठेवलेलं. नंतर बोलता बोलता कळलं की गेले काही महिने तिला जिना चढताना दम लागत होता, लेक्चरला डोळे मिटत होते. त्याचा अर्थ तिने काय लावला? आपण आळशी झालोय. उपाय काय केला? पहाटे चारचा अलार्म.

लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, पाळीच्या तक्रारीसाठी गायनॅकच्या ओपीडीत पाठवलं, आठच्या लेक्चरआधी न्याहारी केल्याशिवाय गेटबाहेर सोडायची नाही असं वॉचमनला सांगितलं. (तो फार कडक निघाला, तिला पोह्याची बशी दाखवावी लागे.) तिचे इंटर्नलचे मार्क आधी उत्तम होते, नंतरही उत्तमच राहिले, त्यात तसूभर फरक नाही. फरक पडला तो असा की संध्याकाळी ती बॅडमिंटन खेळताना दिसायला लागली. आमच्या एकाही रजिस्टरात याची नोंद करायला रकाना नाही.

स्टाफरूममध्ये हा विषय निघाला की एक ज्येष्ठ सहकारी नेहमी म्हणतात, 'जरा काळजीखोर असलेलीच पोरं चांगली डॉक्टर होतात.' यात अगदीच तथ्य नाही असं नाही. चोखपणाची जोड असेल तर थोडी काळजी उपयोगी पडते, असं मानणारे संशोधकही आहेत. पण मला ते पूर्ण पटत नाही. इंजेक्शनचा डोस दोनदा तपासणारा डॉक्टर मलाही हवा आहे, मात्र तेवढ्याला चोखपणा पुरतो. त्यासाठी पहाटे चार वाजता छातीत धडधडायची गरज नाही.

पुढे वॉर्ड सुरू झाले की गणितं बदलतात. पुढची हकीकत मी हॉस्टेलच्या जेवणाच्या टेबलावर ऐकली. जुलै महिना, मेडिसिनचा वॉर्ड, पन्नाशीतला शेतकरी, चार दिवसांचा ताप. बॅचमध्ये पहिली असलेली मुलगी हिस्टरी घेत होती. पुस्तकातला क्रम तोंडपाठ. ताप कधीपासून, थंडी वाजते का, उलटी, जुलाब, लघवीला जळजळ. काका हूं-हूं करत होते. ॲनाटॉमीत नापास होऊन सप्ली, म्हणजे पुरवणी परीक्षा, देऊन पुढे सरकलेला कणकवलीकडचा एक पोरगा मागे उभा होता. तो खाटेच्या कडेला टेकला, जे करायचं नसतं, आणि म्हणाला, 'काका, लावणी झाली काय?'

'खंय झाली? अर्धी रवली.'

तिथून पुढे काका थांबेचनात. पोटरीभर चिखलात दिवसदिवस उभं राहणं, टाचेच्या भेगा, वाड्यात सुळसुळाट केलेले उंदीर, आणि पाय इतके भरून आलेत की पोटरीला हात लावू देत नाही. कोकणात पावसाळ्यातला ताप, दुखऱ्या पोटऱ्या आणि लाल डोळे म्हटले की लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून चिखलपाण्यात पसरणारा लेप्टोस्पायरोसिस, पहिला मनात यायला हवा. ती केस त्या पोराच्या हातात आपणहून येऊन बसली.

युरोपातल्या एका देशात १९९७ साली मेडिकलला आलेली अख्खी तुकडी घेऊन फिलिप लिव्हन्स आणि सहकाऱ्यांनी तिचा सातव्या वर्षापर्यंत माग काढला, आणि २००९ साली निष्कर्ष छापले. माणसांत रमणाऱ्या आणि नव्याची ओढ असलेल्या पोरांना सुरुवातीला परीक्षेत त्याचा काही फायदा दिसत नाही. प्रत्यक्ष रुग्णांचं काम वाढत जातं तसा तो दिसू लागतो. आमच्याच आवारातल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या मुलींना हे सांगावं लागत नाही. आमची पोरं हाडं आणि स्लाइड्स घोकत असतात तेव्हाच त्या वॉर्डात खाट लावायला, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घ्यायला आणि नातेवाइकांची बोलणी खायला शिकलेल्या असतात. बोलण्या-वागण्याचा कस त्यांचा पहिल्याच वर्षी लागतो. आपण मात्र 'हुशार मुलं मेडिकलला' म्हणून मोकळे होतो.

नव्याच्या ओढीबद्दल बोलायचं तर लांब जायला नको, महाडला जावं. सत्तरच्या दशकात बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर लाल विंचवाने डसलेल्या रुग्णांच्या उशाशी बसून तासातासाच्या नोंदी करत होते. हे मरण हृदय आणि फुप्फुसं निकामी होऊन येतंय, हे त्या नोंदींतून उलगडत गेलं. १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचं काम छापून आलं, आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने कोकणातले विंचूदंशाचे कितीतरी मृत्यू टळले. हा चोखपणा आणि ही उत्सुकता कुठल्या व्हायव्हात मोजणार?

बोलक्या पोरांचं कौतुक मात्र मी इथेच आवरतं घेते. तो कणकवलीचा पोरगा पुढच्याच महिन्यात फार्मॅकॉलॉजीचं जर्नल न दिल्याने इंटर्नलला अडकला होता. शिवाय त्या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग जेवणाच्या टेबलावर कुणी सांगितलाच नाही. तो मला त्या पहिल्या आलेल्या मुलीकडून कळला. ती नांदेडकडची. सत्तर टक्के जागा त्या-त्या विभागातल्याच पोरांना ठेवणारा मेडिकल प्रवेशाचा ७०:३० चा कोटा २०२० साली गेला, तेव्हापासून मराठवाड्यातली पोरं इकडे जास्त दिसायला लागली आहेत. 'मॅडम, रवली म्हणजे काय ते मला कळलंच नाही. काका बोलत होते, सगळे हसत होते, मला वाटलं मलाच हसतायत.' युनिटमध्ये मात्र तिच्याविषयी मत होऊन गेलेलं, 'हुशार आहे, पण बुजरी आहे.' तिच्या मैत्रिणींना विचारा, गावाकडे फोन लागला की तिचा आवाज तीन खोल्या पलीकडे ऐकू येतो.

एकीला आळशी ठरवलं होतं, तिला लोह हवं होतं. दुसरीला बुजरी ठरवलं, तिला महिनाभर मालवणी शिकवणारं कुणी हवं होतं. स्वभावाच्या खात्यावर आपण बरंच असं खर्ची टाकतो जे भुकेचं, झोपेचं, भाषेचं नाही तर अंतराचं असतं. त्या युरोपातल्या अभ्यासाचाच आकडा घ्या. काहीच नातं नसेल तर शून्य आणि पुरतं असेल तर एक, या मापावर चोखपणाचं गुणांशी नातं तिथे वाढत वाढत ०.१८ वरून ०.४५ वर गेलं, आणि या विषयात ०.४५ म्हणजे भरघोस. पण त्याचा वर्ग केला तर साधारण ०.२ येतो. म्हणजे एवढ्या दमदार गुणानेसुद्धा पोरापोरांतल्या फरकाचा जेमतेम पाचवा हिस्सा उलगडतो. बाकीचे चार हिस्से दुसरीकडे कुठे तरी असतात.

कुठे, ते पावसाळ्यात हॉस्टेलला राहून बघावं. जून ते सप्टेंबर कपडे म्हणून वाळत नाहीत, ॲप्रनच्या काखेत बुरशी धरते, वारा सुटला की लाइट जाते आणि लाइटीपाठोपाठ मोबाइलची रेंज. लातूरच्या मुलीला उकड्या तांदळाचा भात गिळत नाही आणि ज्वारीची भाकरी कुठे मिळत नाही. गणपतीला कोकणातली सगळी पोरं घरी पळतात, मग भल्या मोठ्या हॉस्टेलात बाहेरगावच्या दहा-पंधरा मुली उरतात, मेसला अर्धी सुट्टी असते, आणि सुट्टी संपली की लगेच इंटर्नल. ज्यांचं घर एसटीने दोन तासांवर आहे त्यांनी आखलेलं हे वेळापत्रक आहे.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ साली देशभरातल्या पंचवीस हजारांवर पदवी विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं. त्याआधी २०१६ साली ४३ देशांतले अभ्यास एकत्र केले होते. त्यांत मेडिकलच्या २७ टक्के विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणं दिसली, आणि अशांतले उपचार घेणारे होते अवघे १६ टक्के. उद्याचे डॉक्टरच डॉक्टरकडे जात नाहीत. आमच्याकडे त्याला एक गावरान कारणही आहे. मानसोपचाराच्या ओपीडीत केसपेपर काढायचा, तर खिडकीवरचा माणूस ओळखीचा, सिस्टर मावशीच्या वाडीतली, आणि ज्यांच्यापुढे बसायचं तेच सर उद्या पोस्टिंगला शिकवायला. 'टेली-मानस' या फोनवरून मानसिक आधार देणाऱ्या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर आम्ही नोटीस बोर्डावर लावला आहे. कुणी ओळखणार नाही, हाच त्याचा सगळ्यांत मोठा गुण, असं मी पोरींना सांगते. बोर्डावर त्याच्यावर फीच्या नोटिसा चिकटवल्या जातात, त्या मी दर आठवड्याला काढते.

माझ्याकडे मेंटॉर म्हणून पोरांचा एक गट असतो. मेंटॉरच्या फाइलमध्ये रकाने तीन, हजेरी, गुण, शेरा. शेऱ्यात सगळे मेंटॉर 'समाधानकारक' लिहितात. यंदा मी त्याला जागतिक आरोग्य संघटनेचे पाच प्रश्न जोडले. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, शांत वाटलं का, अंगात उत्साह होता का, सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, रोजच्या दिवसात मन रमेल असं काही होतं का. प्रत्येकाला शून्य ते पाच, बेरजेला चारने गुणायचं, पन्नासच्या खाली आलं तर त्या पोराशी निवांत बोलायचं. ज्येष्ठ सहकारी म्हणाले, 'मॅडम, पोरं खोटं लिहितील.' लिहितात ना. एका मुलीने पाचही प्रश्नांना पाच-पाच दिले होते, तिलाच मी आधी चहाला बोलावलं.

सेकंड इयरच्या एका मुलाने आकडे लिहिलेच नाहीत. पाचव्या प्रश्नावर काट मारून त्याने खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मॅडम, आधी मेस बदला.' तो कागद मी तसाच वर पाठवला. मेसची नवी निविदा निघाली आहे, आठवड्यातून दोनदा ज्वारीची भाकरी ही अट त्यात घातली आहे. ठेकेदार म्हणतो परवडणार नाही.